गेमिंग लॅपटॉप घेताय? स्टिकर नंतर बघा, आधी वॅट विचारा

बारावीचा आणि सीईटीचा निकाल लागला, ॲडमिशनची यादी आली की बऱ्याच घरांत एकच विषय निघतो. "अब्बू, कॉलेजला लॅपटॉप लागणार." थोड्या वेळाने पुढचे वाक्य येते, जरा हळू आवाजात, "घ्यायचाच तर गेमिंगवाला घेऊ या, तो फास्ट असतो." अब्बूंना वाटते पोराला फक्त खेळायचे आहे. पोराला वाटते अब्बूंना यातले काही कळत नाही. खरे तर दोघांचेही म्हणणे अर्धे-अर्धे बरोबर असते.

मी शाळेत शिकवतो, त्यामुळे दरवर्षी जून-जुलैत माजी विद्यार्थी आणि त्यांचे पालक हाच प्रश्न घेऊन येतात. ऐंशी-नव्वद हजार रुपये आपल्या घरांत छोटी रक्कम नाही. कुणाच्या भिशीचे पैसे असतात, कुणाच्या मामूंनी पाठवलेले. एकदा घेतलेला लॅपटॉप चार-पाच वर्षे चालला पाहिजे आणि थोरल्याचे शिक्षण झाल्यावर धाकटीच्या कामाला आला पाहिजे. म्हणून दुकानात जाण्याआधी हा हिशेब समजून घ्या.

सगळ्याचे सार एका वाक्यात सांगतो. लॅपटॉपमधले जे नंतर बदलता येत नाही, त्यावर पैसा आधी घाला. जे नंतर वाढवता येते, ते नंतर घ्या. आणि थोडे पैसे टेबलासाठी नक्की बाजूला ठेवा.

खरंच गरज आहे का?

गेमिंग लॅपटॉप आणि साधा लॅपटॉप यांत मुख्य फरक एकच, तो म्हणजे वेगळे ग्राफिक्स कार्ड. ते थंड ठेवायला मोठे पंखे लागतात, म्हणून लॅपटॉप जाड होतो. वजन सव्वादोन-अडीच किलो आणि चार्जर वेगळा. हे ओझे रोज लोकलने किंवा एसटीने न्यायचे आहे का, हा पहिला प्रश्न.

मेकॅनिकल, सिव्हिल, आर्किटेक्चरच्या मुलांना थ्रीडी ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरसाठी हे कार्ड उपयोगी पडते. ॲनिमेशन, व्हिडिओ एडिटिंग, ब्लेंडर शिकणाऱ्यांना तर ते जवळजवळ लागतेच. मशीन लर्निंगच्या बऱ्याच गोष्टी एनव्हिडियाच्या कार्डवर चांगल्या चालतात. पण बीकॉम, बीए, डीएड, बीएड, नर्सिंग किंवा फार्मसीसाठी याची गरज नाही. कॉम्प्युटर शाखेत नुसते कोडिंग करायचे असेल तरी १६ जीबी रॅमचा साधा हलका लॅपटॉप पुरतो.

आता खेळाचे. मुलगा फक्त व्हॅलोरंटसारखा गेम खेळणार असेल, तर तो फार मोठे कार्ड मागत नाही. जीटीए किंवा कॉल ऑफ ड्यूटीसारखे मोठे गेम असतील तर गोष्ट वेगळी. तेव्हा पोराला रागावण्यापेक्षा सरळ विचारा, कुठले सॉफ्टवेअर आणि कुठले गेम? दोन्हींची यादी कागदावर लिहा. प्रत्येकाच्या वेबसाइटवर किमान किती आणि चांगल्या वापरासाठी किती ताकदीचा कॉम्प्युटर लागतो, ते दिलेले असते. खरेदी त्या यादीवरून करा.

ग्राफिक्स कार्ड: नाव एक, ताकद वेगवेगळी

हा लेखातला सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे. दुकानात सांगतात, "यात आरटीएक्स ४०५० आहे, त्यातही तेच आहे, मग हा दहा हजारांनी स्वस्त घ्या." नाव तेच असले तरी काम तेच असेल असे नाही.

लॅपटॉपमधल्या कार्डला किती वीज द्यायची, हे लॅपटॉप बनवणारी कंपनी ठरवते. याला टीजीपी म्हणतात आणि ते वॅटमध्ये मोजतात. आरटीएक्स ४०५० हे लॅपटॉपचे कार्ड ३५ वॅटपासून ११५ वॅटपर्यंत कुठेही बसवलेले असू शकते. पातळ, देखण्या लॅपटॉपमध्ये पंखे लहान, म्हणून वॅट कमी. जाड लॅपटॉपमध्ये वॅट जास्त. पूर्ण वॅटचे ४०५० आणि अगदी कमी वॅटचे ४०६० शेजारी ठेवले तर फरक फारसा उरत नाही, कधी उलटही होते. स्टिकरवर मात्र ४०६० लिहिलेले असते आणि पैसेही त्याचेच घेतात. म्हणून मॉडेलचे पूर्ण नाव घेऊन कंपनीच्या वेबसाइटवर टीजीपी बघा. विक्रेत्याला सांगता येत नसेल तर घाई करू नका.

दुसरी गोष्ट कार्डाची स्वतःची मेमरी. आरटीएक्स २०५० मध्ये ती ४ जीबी असते. ३०५० लॅपटॉपमध्ये जुने ४ जीबीचे आणि नंतर आलेले ६ जीबीचे असे दोन प्रकार आहेत. ४०५० मध्ये ६ जीबी, ४०६० मध्ये ८ जीबी. २०२५ मध्ये आलेल्या ५०५० आणि ५०६० मध्येही ८ जीबी आहे. आजचे मोठे गेम आणि थ्रीडीचे काम ४ जीबीत अडखळते. चार-पाच वर्षांचा विचार करत असाल तर ६ जीबीच्या खाली जाऊ नका, जमले तर ८ घ्या. ग्राफिक्स कार्ड लॅपटॉपच्या मदरबोर्डवर पक्के बसवलेले असते, नंतर बदलून मिळत नाही. त्यामुळे पैसा आधी इथे.

प्रोसेसर, रॅम आणि एसएसडी

प्रोसेसरच्या बाबतीत लोक "आय ५ की आय ७" यावर अडतात. त्यापेक्षा नावाच्या शेवटची अक्षरे बघा. एच, एचएस किंवा एचएक्स असेल तर तो जास्त ताकदीच्या वर्गातला, यू असेल तर बॅटरी वाचवणारा. पोराच्या कामाला आणि खेळाला आय ५ किंवा रायझन ५ च्या एच वर्गातला प्रोसेसर पुरेसा आहे. तिथे वाचलेले पैसे कार्डाला द्या.

एक बारीक गोष्ट. रायझन ७ ७४३५एचएस हा प्रोसेसर बऱ्याच परवडणाऱ्या गेमिंग लॅपटॉपमध्ये मिळतो. ताकद चांगली आहे, पण त्यात आतले साधे ग्राफिक्स नाही. म्हणजे नुसती पीडीएफ वाचत असलात तरी मोठे कार्ड चालूच राहते आणि बॅटरी लवकर संपते. टेबलावर चार्जर लावून वापरणार असाल तर हरकत नाही. कॉलेजात तीन तास प्लगशिवाय बसायचे असेल तर दुसरा बघा.

रॅम १६ जीबी असावी. ८ जीबीची एकच पट्टी असेल तर काम आणि गेम दोन्ही मंदावतात. ८-८ च्या दोन पट्ट्या असल्या की वेग वाढतो. विचारण्याचा प्रश्न असा, "रॅमला दोन स्लॉट आहेत का, की रॅम बोर्डवर सोल्डर केलेली आहे?" स्लॉट असतील तर पुढे वाढवता येते. पण २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव बरेच चढले, म्हणून "नंतर टाकू" म्हणण्याआधी सुट्या पट्टीचा त्या दिवसाचा भाव विचारा. कधी १६ जीबीचा तयार लॅपटॉपच स्वस्त पडतो.

एसएसडी ५१२ जीबी असते. एकेक मोठा गेम शंभर जीबीच्या आसपास जागा खातो, म्हणजे विंडोज आणि चार गेम झाले की जागा संपली. घाबरायचे कारण नाही. दुसऱ्या एसएसडीसाठी रिकामा स्लॉट आहे एवढे बघून घ्या, वर्षभराने टाकता येईल. जागा कमी पडली की अभ्यासाच्या फाइली आधी उडवल्या जातात, हे मात्र लक्षात ठेवा!

स्क्रीनवर कंजुषी नको

बॉक्सवर "१४४ हर्ट्झ" ठळक लिहितात. म्हणजे स्क्रीन एका सेकंदात १४४ वेळा चित्र बदलते. साधी स्क्रीन ६० वेळा. गेममध्ये हालचाल मऊ दिसते, हे खरे. पण ज्याचा उल्लेख बॉक्सवर नसतो ते रंग आणि उजेड.

स्वस्त मॉडेलमध्ये "४५ टक्के एनटीएससी" असे बारीक अक्षरात असते. इंटरनेटवर आणि फोटोंत जो एसआरजीबी रंगांचा मापदंड चालतो, त्याच्या साठ-पासष्ट टक्केच रंग ती दाखवते. लाल विटकरी दिसतो, चेहरे फिके दिसतात. गेमला चालून जाईल, पण डिझाइन, फोटो, व्हिडिओ शिकणाऱ्या मुलीसाठी हे नुकसान आहे. तिच्यासाठी "१०० टक्के एसआरजीबी" लिहिलेलीच स्क्रीन घ्या. उजेड निट्समध्ये मोजतात. २५० निट्स दिवसा खिडकीजवळ अंधुक वाटते, ३०० किंवा जास्त बरी.

उष्णता आणि वीज

गेमिंग लॅपटॉप गादीवर ठेवून चालवणे म्हणजे त्याच्या नाकावर उशी दाबणे. हवा खालून आत येते आणि मागून-बाजूने बाहेर जाते. चादर-गोधडीने खालच्या जाळ्या बंद झाल्या की तापमान चढते, पंखे ओरडतात आणि लॅपटॉप स्वतःच वेग कमी करतो. मग पोरगा म्हणतो, "लॅपटॉप हँग होतोय." महागडा कूलिंग पॅड आणण्याआधी लॅपटॉप सपाट टेबलावर ठेवा आणि मागची बाजू एक-दोन इंच उचला. त्यानेही फरक पडतो. वर्षातून एकदा आतली धूळ जाणकाराकडून साफ करून घ्या.

चार्जर १५० ते २३० वॅटचा, काहींचा त्याहून मोठा असतो. काही मोठ्या चार्जरांची पिन जाड, १६ अँपिअरची येते आणि ती साध्या सॉकेटमध्ये बसत नाही. बॉक्स उघडल्यावर हे कळण्यापेक्षा आधी विचारा आणि इलेक्ट्रिशियनकडून टेबलाजवळ तसा सॉकेट करून घ्या. अर्थिंग नीट आहे ना, हेही त्याच फेरीत तपासून घ्या. लॅपटॉपच्या धातूच्या कडेला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर बहुतेक वेळा अर्थिंग तपासायची गरज असते.

चार्जर काढून बॅटरीवर गेम खेळला तर वेग एकदम खाली येतो. हा दोष नाही, बॅटरी तेवढी वीज देऊच शकत नाही. दिवसभर चार्जर लावून वापरणार असाल तर बऱ्याच कंपन्यांच्या ॲपमध्ये चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवण्याची सोय असते, ती चालू करा. बॅटरीचे आयुष्य वाढते. कोकणातल्या घरांत पावसाळ्यात लॅपटॉप बॅगेत बंद करून महिनाभर ठेवू नका. दमट हवेत पडून राहण्यापेक्षा रोज थोडा वेळ चालू झालेला बरा.

टेबलासाठी पैसे ठेवा

समजा एकूण ९० हजार आहेत. सगळे लॅपटॉपवर घातले तर मुलगा रोज पाच-सहा तास मान खाली घालून, पलंगावर पाय दुमडून बसणार. लॅपटॉपची अडचण हीच आहे की त्याची स्क्रीन आणि कीबोर्ड एकत्र जोडलेले असतात. हात नीट ठेवले तर मान वाकते, स्क्रीन उंच केली तर हात अवघडतात. यावर उपाय महाग नाही. ७८-८० हजारांत लॅपटॉप बसवा आणि उरलेल्यातून टेबल मांडा.

पहिली खरेदी लॅपटॉपचा स्टँड आणि वेगळा कीबोर्ड-माऊस. स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा किंचित खाली, अंतर साधारण हातभर. कोपर काटकोनात, पाय जमिनीवर टेकलेले. धाकटीचे पाय पोहोचत नसतील तर खाली पाट ठेवा. टेबलाची उंची साधारण २९-३० इंच असते. जुने जेवणाचे किंवा शिलाईचे मजबूत टेबल असेल तर नवे कशाला? खुर्ची मात्र पाठीला आधार देणारी हवी. रंगीत "गेमिंग चेअर"पेक्षा त्याच पैशांत ऑफिसची साधी, उंची कमी-जास्त होणारी खुर्ची अनेकदा जास्त आरामशीर असते.

कीबोर्ड घेताना आवाज ऐकून घ्या. मेकॅनिकल कीबोर्डमध्ये ब्लू स्विच टकटक वाजतात, रेड स्विच बरेच शांत असतात. एका खोलीत अम्मी झोपलेली आणि शेजारी टकटक, असे नको. उर्दू आणि मराठी टाइप करण्यासाठी वेगळा कीबोर्ड लागत नाही. विंडोजच्या भाषा सेटिंगमध्ये दोन्ही भाषा जोडता येतात, सवय होईपर्यंत अक्षरांचे स्टिकर लावा. माऊस तारेचा, हातात नीट बसणारा घ्या. मोठमोठे डीपीआयचे आकडे बघून भुलू नका.

हेडफोन घरातल्या शांततेसाठी चांगला, पण कानाची काळजी घ्या. जागतिक आरोग्य संघटनेनुसार मोठ्यांनी ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत ऐकणे सुरक्षित आहे. तोच ९० डेसिबल झाला तर आठवड्याला फक्त ४ तास. गेममधले स्फोट आणि त्यावर मित्रांची आरडाओरड, आवाज कधी वाढला ते कळत नाही. आवाज निम्म्याच्या आसपास ठेवण्याची सवय लावा. डोळ्यांसाठी दर २० मिनिटांनी २० फूट लांब २० सेकंद बघायचे.

मॉनिटर ही दुसऱ्या वर्षाची खरेदी समजा. १०८० पिक्सेलसाठी २४ इंच पुरे. २७ इंच घेणार असाल तर १४४० पिक्सेलचा घ्या, नाहीतर अक्षरे फाटल्यासारखी दिसतात. लाइट गेली की लॅपटॉप बॅटरीवर चालू राहील, मॉनिटर बंद पडेल, एवढे लक्षात असू द्या.

दुबईहून मागवायचा का?

आपल्यातल्या बऱ्याच घरांत कुणी ना कुणी आखातात असते. "चाचू येतायत, तिकडून आणतील" हा विचार येतोच. १८ वर्षांवरील प्रवाशाला एक लॅपटॉप सोबत शुल्क न भरता आणता येतो. पण तीन गोष्टी आधी बघा. पहिली, त्या मॉडेलची वॉरंटी भारतात चालते का. हे कंपनीनुसार आणि मॉडेलनुसार बदलते, म्हणून कंपनीच्या भारतातल्या कस्टमर केअरकडून ईमेलवर लेखी घ्या. दुसरी, चार्जरची पिन तिकडची चौकोनी असते. तिसरी, कीबोर्डवर इंग्रजीसोबत अरबी अक्षरे छापलेली असू शकतात. उर्दूसाठी ती पूर्ण कामाची नाहीत, कारण ट, ड, ड़ यांची उर्दू अक्षरे अरबीत नाहीत. फरक चार-पाच हजारांचाच असेल तर इथला बिल आणि वॉरंटीचा लॅपटॉप बरा.

"नो कॉस्ट ईएमआय" चा हिशेब

ज्यांना व्याजाचा व्यवहार टाळायचा आहे, त्यांनी हा भाग जरूर वाचावा. समजा लॅपटॉप ८४ हजारांचा आणि सहा महिन्यांचा हप्ता १४ हजारांचा. बेरीज तेवढीच येते, म्हणून व्याज नाही असे वाटते. प्रत्यक्षात बँक वार्षिक १५ टक्क्यांच्या आसपास व्याज लावत असेल तर सहा महिन्यांचे साधारण साडेतीन हजार होतात. तेवढी सूट कंपनी किंवा विक्रेता आधी देतो आणि बँक तेच हप्त्यांतून व्याज म्हणून घेते. कार्डाच्या स्टेटमेंटमध्ये व्याजाची ओळ वेगळी दिसते. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे सुमारे ६४० रुपये, आपल्या खिशातून जातात. प्रोसेसिंग फी असेल तर ती वेगळी.

म्हणजे नावात "नो कॉस्ट" असले तरी कागदावर व्याज आहे. ते घ्यायचे की नाही, हे ज्याने-त्याने आपल्या आलिमांशी मशवरा करून ठरवावे. रोख किंवा एकरकमी भरल्यास किती सूट, हा प्रश्न मात्र दुकानात नक्की विचारा. सहा महिने थांबून घरातल्या बायकांच्या बीसीतून रक्कम उभी राहत असेल तर तो रस्ताही आहे. तोवर कॉलेजच्या लॅबवर पहिले सेमिस्टर बऱ्याचदा निघते.

दुकानात जाताना खिशात ठेवायची चिठ्ठी

१. मॉडेलचे पूर्ण नाव आणि नंबर काय?
२. ग्राफिक्स कार्ड कुठले, मेमरी किती जीबी, टीजीपी किती वॅट?
३. रॅमचे स्लॉट किती? दुसऱ्या एसएसडीला जागा आहे का?
४. स्क्रीनचे रंग किती टक्के, उजेड किती निट्स?
५. चार्जर किती वॅटचा, पिन कुठली?
६. सर्व्हिस सेंटर आपल्या जिल्ह्यात आहे का, की पुण्या-मुंबईला पाठवावे लागेल?
७. वॉरंटी किती वर्षांची आणि अपघाती नुकसानीचे संरक्षण वेगळे मिळते का?

लॅमिंग्टन रोडवर घ्या, गावातल्या दुकानात घ्या किंवा ऑनलाइन, जीएसटीचे पक्के बिल घ्या आणि त्यावर लॅपटॉपचा सिरियल नंबर लिहिलेला आहे हे तपासा. "बिलाशिवाय दोन हजार कमी" हे ऐकायला बरे वाटते, पण वॉरंटीच्या वेळी हात रिकामे राहतात. ऑनलाइन मागवला तर बॉक्स उघडताना सलग व्हिडिओ काढा. पहिल्या आठवड्यातच स्क्रीनवर मेलेले ठिपके, बिजागरी, सगळे पोर्ट, कॅमेरा आणि दोन तास सलग चालवल्यावर तापमान बघा, कारण बदलून देण्याची मुदत थोडी असते. तक्रार ऐकली गेली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे.

आणि टेबल शक्यतो हॉलमध्ये किंवा घरातल्या येण्या-जाण्याच्या खोलीत मांडा, दार बंद खोलीत नको. मुलगा काय करतो यावर पाळत ठेवण्यासाठी नाही, तर दुपारी धाकटीलाही प्रोजेक्ट करता यावा, अम्मीला बँकेचा फॉर्म भरता यावा म्हणून. ९० हजारांची वस्तू घरात आली आहे, ती घरातल्या सगळ्यांच्या कामाला येऊ द्या.